सिंहगडची मोहीम, चित्रपटांतील

सिंहगडची मोहीम, चित्रपटांतील : छत्रपती शिवाजी महाराजांचे सुभेदार तानाजी मालुसरे यांनी ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा ऊर्फ सिंहगड हस्तगत करताना आपले प्राण वेचले. या घटनेवर आधारलेल्या चित्रपटांची परंपरा शंभर वर्षांची आहे. निवडक सैनिकांनी जिवावर उदार होऊन अंगावर घेतलेली जोखमीची कामगिरी हा जगातील युद्धपटांचा आवडता विषय असून मराठी प्रेक्षकाला त्याचा परिचय प्रामुख्याने याच कथेतून घडला. बाबूराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ (१९२३), व्ही. शांताराम यांचा त्याच नावाचा बोलपट (१९३३), ओम राऊत यांचा हिंदी ‘तान्हाजी’ (२०२०) आणि दिग्पाल लांजेकर यांचा मराठी ‘सुभेदार’ (२०२३) हे या परंपरेतील प्रमुख चित्रपट होत.

कथेची घडण : पुरंदरच्या तहान्वये (१६६५) महाराजांनी मोगलांना जे तेवीस किल्ले दिले, त्यांत कोंढाणा हा एक होता. १६७० च्या आरंभी ते परत घेण्याचा उपक्रम सुरू झाला. माघ वद्य नवमीच्या काळोखात तानाजी आपल्या मावळ्यांसह कडा चढून गेला. किल्लेदार उदयभान राठोड व तानाजी हे दोघेही लढाईत पडले आणि तानाजीचा भाऊ सूर्याजी याने सैन्य सावरून गड घेतला. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. वानराप्रमाणे कडा चढतात ती माणसेच. घोरपड, ऐंशी वर्षांचे शेलारमामा, रायबाच्या लग्नाचा प्रसंग इ. तपशील तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने व लोकपरंपरेने लोकप्रिय केले. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ (१९०३) या कादंबरीने या कथेत कमलकुमारी या अपहृत राजपूत विधवेचे उपकथानक गुंफले. पुढील चित्रपटकारांपुढे इतिहास, पोवाडा व कादंबरी अशी तिन्ही रूपे एकत्र मिसळून आली.

या कथेचा सर्वांत मोलाचा प्रसंग कडा चढण्याचा नसून त्यानंतरचा आहे. तानाजी पडल्याचे कळताच मावळ्यांचा धीर खचला व ते आल्या वाटेने उतरून जाऊ लागले. तेव्हा सूर्याजीने दोर कापून टाकले आणि त्यांना माघारी फिरविले, असे परंपरा सांगते. ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार आज मराठीत सर्वपरिचित आहे. आपल्याच वीरांना भय वाटले, ते पळू लागले, हे या परंपरेने लपवून ठेवले नाही. ही कबुली कथेला स्तुतिपाठापासून वाचविते. भय ओलांडून परत फिरलेल्या सामान्य शिपायाने गड घेतला, हा तिचा अर्थ होय. या कथेवरील कोणताही चित्रपट पारखताना हा प्रसंग त्याने कसा हाताळला, हा पहिला प्रश्न ठरतो.

मूकपट व बोलपट : बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या कोल्हापुरातील महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ (१९२०) या पौराणिक मूकपटाने नाव मिळविले होते. ‘सिंहगड’ने तिला इतिहासाकडे वळविले आणि मराठी ऐतिहासिक चित्रपटाचा पाया घातला. रात्रीच्या प्रसंगांसाठी या मूकपटात कृत्रिम प्रकाशाचा वापर करण्यात आला. भारतीय चित्रपटातील तो आरंभीचा प्रयोग म्हणून ओळखला जातो. ही केवळ तांत्रिक बाब नव्हती. उन्हात चित्रण करण्याच्या त्या काळात रात्रीच्या छाप्याची कथा निवडणे, म्हणजे माध्यमापुढे आव्हान ठेवणेच होते. काळोख हा या मोहिमेचा वेष नसून शस्त्र आहे. तो दाखविता आल्याशिवाय मावळ्यांच्या युक्तीला अर्थ येत नाही. पेंटर मूळचे चित्रकार असल्याने छायाप्रकाशाचा हा विचार त्यांना स्वाभाविक होता. या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. त्यामुळे मराठी युद्धपटाचा आरंभबिंदू अभ्यासकाला केवळ वर्णनांतून व आठवणींतून ओळखावा लागतो, ही या इतिहासातील मोठी हानी होय.

या मूकपटात शेलारमामाची भूमिका करणाऱ्या व्ही. शांताराम यांनी दहा वर्षांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी याच कथेवर बोलपट दिग्दर्शित केला. तत्पूर्वी त्यांनी ‘उदयकाल’ (१९३०) काढला होता. त्याचे ‘स्वराज्याचे तोरण’ हे मूळ नाव परीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे बदलावे लागले होते. परकीय अंमलाखाली किल्ला परत घेण्याच्या कथेला कोणता अर्थ लाभत होता, हे यावरून ध्यानात येते. बोलपटामुळे मावळ्याला वाणी मिळाली. परंतु रंगभूमीवरून आलेल्या संवादशैलीचा भारही त्या काळच्या बोलपटांवर पडला. आपट्यांच्या कादंबरीचा आधार घेतल्याने कमलकुमारीचे कथानकही आले आणि एका राज्याच्या लष्करी निर्णयाला एका दुष्टाच्या शासनाचे रूप मिळू लागले. ही प्रवृत्ती पुढे वाढतच गेली.

तान्हाजी व सुभेदार : ‘तान्हाजी’ १० जानेवारी २०२० रोजी प्रदर्शित झाला आणि त्या वर्षी सर्वाधिक उत्पन्न मिळविणारा हिंदी चित्रपट ठरला. उत्कृष्ट अभिनेता (अजय देवगण), लोकप्रिय चित्रपट व वेशभूषा यांसाठीचे राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभले. संगणकीय दृश्यांनी उभे केलेले कडे, दऱ्या व बुरूज ही त्याची जमेची बाजू होय. पेंटर यांना जो काळोख कष्टाने निर्माण करावा लागला, तो येथे विपुल साधनांनी साकार झाला आहे. सैफ अली खान यांनी रंगविलेला उदयभान लहरी, क्रूर व आकर्षक असून अनेकदा तोच पडदा व्यापतो. राजगडावर मारा करण्यासाठी कोंढाण्यावर आणलेल्या प्रचंड तोफेची कल्पना कथेत नव्याने घालण्यात आली आहे. शत्रूच्या अजस्र तोफा निकामी करण्यासाठी रात्री कडा चढणाऱ्या तुकडीचे कथानक ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ (१९६१) या गाजलेल्या इंग्रजी युद्धपटात आहे. त्याच्याशी या कल्पनेचे साम्य सहज जाणवते.

या बदलाचा परिणाम कथेच्या गाभ्यावर होतो. तोफ आली की कामगिरीला ठोस लक्ष्य मिळते आणि उत्कंठा वाढते, हे खरे. तथापि येथे एक हात तुटलेला तानाजी स्वतःच उदयभानाचा शेवट करतो व नंतर प्राण सोडतो. नायकाने काम पुरे केल्यावर मागे राहिलेल्यांना करावयाचे काही उरत नाही. सेनानी पडल्यानंतरची ती पोकळी, पांगणारे मावळे, सूर्याजीची कठोर कृती व शिपायांचे परतणे यांचे महत्त्व साहजिकच ओसरते. तुकडीची कथा एका व्यक्तीची कथा बनते.

‘सुभेदार’ हा लांजेकर यांच्या ‘फर्जंद’ (२०१८), ‘पावनखिंड’ (२०२२) इ. शिवकालीन चित्रपटांच्या मालिकेतील असून तो २५ ऑगस्ट २०२३ रोजी प्रदर्शित झाला. तानाजीची भूमिका अजय पूरकर यांनी, तर महाराजांची चिन्मय मांडलेकर यांनी केली आहे. साधने तुलनेने बेताची असली, तरी बोली, नातीगोती व घरातील वावर यांमुळे हा चित्रपट पोवाड्याच्या जगाच्या अधिक निकट आहे. पूरकरांचा तानाजी संसारी, वयाने पोक्त व विश्वासू वाटतो. त्याच्या जाण्याने एक कुटुंब पोरके होते, ही जाणीव प्रेक्षकाला होते. मात्र चित्रपटाचा सूर बव्हंशी भक्तीचा असल्यामुळे व्यक्तिरेखांच्या मनातील संदेहाला त्यात फारसा वाव नाही.

शत्रुपक्षाचे चित्रण : या चित्रपटांनी घटनेकडे राजगडाच्या बाजूने पाहिले आहे. १६७० मध्ये मोगलांच्या दख्खन सुभ्याचे मुख्य ठाणे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे होते. तेथून फुलंब्रीवरून अजिंठ्याच्या घाटाकडे व पुढे बऱ्हाणपुराकडे जाणारा रस्ता हा या ठाण्याला उत्तरेशी जोडणारा दुवा होता. सुभेदार शाहजादा मुअज्जम व सरदार दिलेरखान यांच्यातील बेबनावामुळे त्या वर्षी मोगलांचे बळ विस्कळीत झाले आणि महाराजांनी संधी अचूक साधली. शौर्यामागील ही राजनीती दाखविण्यासाठी औरंगाबादच्या छावणीत डोकावणे आवश्यक होते. सगळे शत्रुत्व एकट्या उदयभानात साठविल्याने मराठ्यांचे शौर्य ठसठशीत दिसते. पण त्यांची दूरदृष्टी झाकली जाते. उदयभान हाही आपल्या धन्यासाठी ठाणे लढवीत पडलेला राजपूत शिपाई होता. बलाढ्य व निष्ठावान प्रतिपक्ष दाखविल्याने तानाजीची थोरवी उणी होत नाही.

मूल्यमापन : शंभर वर्षांत या कथेची दृश्य बाजू सतत समृद्ध होत गेली, तिचा मानवी आशय मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. आपट्यांच्या कादंबरीचे शीर्षक विजय व हानी यांना एकाच वाक्यात बसविते, आणि ‘पण’ या शब्दावर त्याचा सर्व भार आहे. चित्रपटांनी गड येण्याचा सोहळा उत्तम रंगविला. सिंह जाण्याचे दुःख त्यांनी बहुधा अखेरच्या काही क्षणांवर सोपविले. नाव न उरलेल्या मावळ्यांचे भय व त्यांचे परत फिरणे यांना मध्यवर्ती स्थान देणारा चित्रपट निघाला, तर शाहिराने राखून ठेवलेला या कथेचा सर्वांत सत्य भाग पडद्यावर येईल.