आकडा खरा, वाक्य चुकीचं: मास्कच्या नियमाला जोडलेला एक पेपर

पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी मी एक चूक केली. ती आज तुमच्यासमोर मांडते, कारण लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलात की तुमच्याही हातून ती होण्याची दाट शक्यता आहे.

२०२१ च्या शेवटी आमचं हॉस्टेल पुन्हा भरू लागलं. कॅम्पसवर मास्क सक्तीचा, नसेल तर दंड. मुलं कुरकुर करू लागली तेव्हा हॉस्टेल कमिटीने मला सांगितलं, "तू सायन्सची आहेस ना, मास्क का हवा ते एका पानात लिहून दे." मी अर्ध्या तासात एक पेपर शोधला आणि लिहिलं: 'विद्यापीठाच्या वसतिगृहांत झालेल्या प्रयोगानुसार मास्कमुळे आजार ३५ ते ५१ टक्क्यांनी कमी होतो.' ते पान दंडाच्या नोटिशीशेजारी लागलं. संख्याशास्त्र विभागातल्या मैत्रिणीने ते वाचलं आणि एवढंच विचारलं, "ॲबस्ट्रॅक्ट शेवटपर्यंत वाचलंस का गं?"

नव्हतं वाचलं.

तो पेपर ॲलिसन आयेलो आणि सहकाऱ्यांचा, २०१० मध्ये 'जर्नल ऑफ इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये आलेला. प्रयोग अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातला, २००६-०७ च्या फ्लूच्या हंगामातला. फ्लूची महासाथ आली आणि लस हाताशी नसली, तर मास्क आणि हातांची स्वच्छता कितपत उपयोगी पडेल, हा त्यामागचा प्रश्न. १,४३७ विद्यार्थी, सहा आठवडे. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वसतिगृहं तीन गटांत वाटली: फक्त मास्क, मास्क अधिक हातांची स्वच्छता आणि यांपैकी काहीच न दिलेला कंट्रोल ग्रुप.

आता माझं वाक्य तपासू.

३५ ते ५१ टक्के हा आकडा 'मास्क अधिक हातांची स्वच्छता' या गटाचा आहे, आणि तोही फक्त चौथ्या ते सहाव्या आठवड्यांचा. फक्त मास्कच्या गटातही घट साधारण तशीच दिसली, पण लसीकरण वगैरे घटक हिशेबात घेतल्यावर ती संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस राहिली नाही. सहाही आठवडे एकत्र धरले, तर दोन्हींपैकी एकाही गटात ठोस घट नाही. हे सगळं ॲबस्ट्रॅक्टमध्येच आहे, लपवलेलं काही नाही. शिवाय 'फक्त हातांची स्वच्छता' असा गटच नव्हता. त्यामुळे श्रेय मास्कचं किती आणि सॅनिटायझरचं किती, हे वेगळं काढता येत नाही. मी मात्र सगळं श्रेय मास्कला देऊन मोकळी!

पुढे, 'आजार' म्हणजे काय मोजलं? फ्लूसारखी लक्षणं: खोकला आणि सोबत ताप, थंडी किंवा अंगदुखी. ही नोंद बरीचशी विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेली. आपण मास्क घालतोय हे ज्याला ठाऊक आहे, तो आपला खोकला कसा सांगेल यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. खोटा मास्क कसा देणार?

आणि चिठ्ठी निघाली ती वसतिगृहाच्या नावाची, विद्यार्थ्याच्या नाही. एका इमारतीत एकाला सर्दी झाली की शेजारच्यालाही होते. म्हणून १,४३७ हा आकडा दिसतो तेवढा वजनदार नसतो. पुढच्या हंगामात याच गटाने ३७ लहान निवासघटक आणि १,१७८ विद्यार्थी घेऊन नवा प्रयोग केला (तो २०१२ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आला). त्यात शेवटच्या आठवड्यात लक्षणं ७५ टक्क्यांनी कमी दिसली. भारी वाटतं ना? पण ९५ टक्के विश्वासमर्यादा बघा: घट १३ टक्के असू शकते, नाहीतर ९३. प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लूही कमी दिसला, पण ती घट ठोस ठरली नाही.

मग मास्क निरुपयोगी का? असं म्हणणारे माझीच चूक उलट्या बाजूने करतात. 'परिणाम सिद्ध झाला नाही' आणि 'परिणाम नाही हे सिद्ध झालं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्या प्रयोगातली मुलं मास्क घालायची ती वसतिगृहात, दिवसाकाठी सरासरी तीन-चार तास. वर्गात तसं बंधन नव्हतं. सक्तीच्या नियमात सगळेच मास्क घालतात, आजारी माणूससुद्धा, आणि विषाणू बाहेर पडतानाच अडतो. सक्ती केली तर काय होईल, हे या प्रयोगाने तपासलंच नव्हतं. आणि आजार फ्लू होता, कोविड नव्हे.

आमच्या नियमाची गंमत बघा. मास्क तपासला जायचा गेटवर, मोकळ्या हवेत. आत मेसमध्ये खिडक्या बंद, आणि तासभर सगळे मास्क काढून गप्पा मारत जेवायचे. रुमाल बांधला तरी चालायचं आणि एन-९५ घातला तरी. हवेतून पसरणाऱ्या आजारात धोका कुठे जास्त आहे हे नियमाने विचारलंच नाही. पहारेकऱ्याला काय दिसू शकतं, एवढंच बघितलं. दंड भरणाऱ्यांत पहिला होता मेसमध्ये पोळ्या लाटणारा मुलगा. वाफेने गुदमरून त्याने मास्क हनुवटीवर ओढला होता. त्याने भिंतीवरचं माझं पान वाचलं असेल का, माहीत नाही. पण त्याचे पैसे गेले त्या नोटिशीला टेकू माझ्या वाक्याचा होता.

मी दुसरं पान लिहून दिलं: मास्क घाला, विशेषतः बंद खोलीत, खिडक्या उघडा, पुरावा इतका आहे आणि इतकाच आहे. उत्तर आलं, "एवढं कोण वाचणार?" २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्यातली मास्कसक्ती उठली, तोवर जुनंच पान भिंतीवर होतं.

मी आजही तेव्हाच्या मास्कच्या बाजूनेच आहे. पण बाजू योग्य असली म्हणून पुरावा आपोआप योग्य होत नाही. म्हणून आकडा उचलण्याआधी स्वतःला विचारा: कोणत्या गटाचा? किती काळाचा? नक्की काय मोजलं? आणि मला पडलेला प्रश्न त्यांनी विचारला होता का?

या चार उत्तरांशिवाय तो आकडा तुमच्या थिसिसमध्ये घेऊ नका. भिंतीवर तर नकोच नको.