तुटक रेषांचं काय झालं?

गॅमा-किरण स्फोटांवरच्या कुठल्याही सेमिनारला जाऊन बसा, तिसऱ्या-चौथ्या स्लाइडवर एक आकृती हमखास येते. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर क्ष-किरणांची तीव्रता आणि खाली उतरत जाणारी रेषा: आधी कडा, मग पठार, मग नेहमीचा उतार, शेवटी आणखी तीव्र उतार. मध्येच एखादा उंचवटा. आज मला या आकृतीशी थोडं भांडायचंय.

आधी पार्श्वभूमी. स्फोट काही सेकंद ते काही मिनिटं टिकतो. त्यातून जवळपास प्रकाशाच्या वेगाने सुटलेला झोत आजूबाजूच्या वायूवर आदळतो आणि मागे आफ्टरग्लो उरतो. त्यातले क्ष-किरण आपलं वातावरण अडवतं, म्हणून दुर्बीण अवकाशातच हवी. 1997 साली बेप्पोसॅक्सने पहिला क्ष-किरण आफ्टरग्लो पाहिला, पण स्फोटानंतर सुमारे आठ तासांनी. नोव्हेंबर 2004 मध्ये सुटलेल्या स्विफ्टने ही वाट एक-दोन मिनिटांवर आणली. मधले तास पहिल्यांदाच नीट दिसले आणि 2006 मध्ये बिंग झांग, जॉन नाउसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या शोधनिबंधांतून हे चित्र उभं राहिलं.

निबंध उत्तमच आहेत. तक्रार आहे ती आपण त्या चित्राचं पुढे काय केलं याबद्दल. झांग यांच्या मूळ आकृतीत दोनच टप्पे सलग रेषेने काढलेत: पहिला कडा आणि नेहमीचा उतार. पठार, शेवटचा उतार आणि उंचवटे तुटक रेषेने, कारण ते सगळ्या स्फोटांत दिसत नाहीत. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी ती आकृती स्वतः पुन्हा काढली आणि सगळ्या रेषा सलग करून टाकल्या. दिसायला बरं वाटलं, एवढंच कारण!

मग तेच चित्र डोक्यात ठेवून मी डेटाकडे बघायला लागले. स्विफ्ट साधारण दीड तासात पृथ्वीभोवती फेरी मारतो, मध्ये पृथ्वी आडवी येते, डेटात खिंडारं पडतात. माझ्या एका स्फोटात नेमकं पठार जिथे संपायला हवं तिथेच खिंडार होतं. मी तिथे पठार बसवलं. नंतर एकच सरळ उतार बसवून पाहिला, तोही तितकाच चांगला बसला. ते पठार माझं होतं, स्फोटाचं नव्हे.

दुसरी गोम घड्याळाची. समजा, उपकरणाच्या ट्रिगरपासून 200 ते 400 सेकंदांत तीव्रता 9 पटीने घटली. वेळ दुप्पट झाली, म्हणून उताराचा घातांक सुमारे 3.2. पण खरी सुरुवात ट्रिगरनंतर 100 सेकंदांनी झाली असेल तर? मग वेळ 100 वरून 300, म्हणजे तिप्पट, आणि घातांक 2. डेटा तोच, कडा मात्र बराच सौम्य झाला.

याचा अर्थ पठारं खोटी आहेत असा नाही. जीआरबी 070110 मध्ये तीव्रता बराच काळ जवळपास सपाट राहिली आणि सुमारे 20,000 सेकंदांनी अक्षरशः कोसळली. नुसत्या वायूवरच्या धडकेतून इतकी तीव्र घसरण निघत नाही. आतलं इंजिन, कदाचित मॅग्नेटार, तोवर चालू होतं असं मानावं लागतं. म्हणूनच खरं पठार आणि बसवलेलं पठार एकाच तक्त्यात गेलं, की मॅग्नेटारबद्दलचे निष्कर्षही डळमळतात.

उलट बाजूला जीआरबी 221009ए बघा, आजवरचा सर्वात तेजस्वी. स्विफ्टची क्ष-किरण दुर्बीण त्याकडे वळली तोवर जवळपास तास उलटला होता. त्यात सुरुवातीचा कडा दिसला नाही, याचं कारण आधी वेळापत्रकात शोधायचं, भौतिकीत नंतर.

त्यामुळे माझा आताचा नियम साधा आहे: आधी कमीत कमी तुकडे बसवायचे, आणि डेटाने भाग पाडलं तरच एक वाढवायचा. तक्त्यातली तीन पठारं यात गेली. स्लाइडवरच्या रेषा मी परत तुटक केल्यात. पुढच्या सेमिनारला त्या सलग दिसल्या, तर हात वर करून नक्की विचारा.