नेटवर्क फाइल सिस्टिम : सर्व्हरचा बदललेला पत्ता
दूरस्थ संगणकावरील फाइली स्थानिक फाइलींप्रमाणे वापरता याव्यात म्हणून सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये सिद्ध केलेली पद्धती. तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांत सर्व्हर क्लायंटविषयी फारशी नोंद ठेवीत नाही. तो बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी क्लायंट तीच मागणी पुनःपुन्हा पाठवून काम पुढे चालवितो. ही चिकाटी हा या रचनेचा मोठा गुण; पत्ता बदलताच मात्र तोच दोष ठरतो. लिनक्समध्ये सर्व्हरच्या नावावरून आयपी पत्ता सामान्यतः जोडणीच्या वेळी एकदाच शोधला जातो. पुढे ते नाव नव्या पत्त्याला दिले, तरी क्लायंट जुन्याच दारावर थापा मारीत राहतो; ‘हार्ड’ जोडणीत तर चालू कार्यक्रम खोळंबतात आणि जोडणी तोडून पुन्हा करावी लागते. वस्तुतः सर्व्हर तोच असल्यास फाइलींच्या ओळखखुणा सहसा वैधच असतात. शिळा होतो तो केवळ पत्ता. कार्नेगी मेलन विद्यापीठातील अँड्र्यू फाइल सिस्टिमने फाइलसमूहाचे स्थान स्वतंत्र नोंदींतून विचारण्याची सोय १९८० च्या दशकातच केली होती. चौथ्या आवृत्तीत (२०००) स्थलांतर कळविण्याची तरतूद आली खरी. परंतु ते जुन्या ठिकाणच्या सर्व्हरनेच कळवावयाचे असल्यामुळे, पर्यायी पत्ते आधीच मिळविलेले नसतील आणि जुना पत्ता अकस्मात नाहीसा झाला, तर तिचा उपयोग होत नाही.