गोडसे भटजींची कावड

विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ आपल्याकडे बहुधा १८५७ च्या बंडाची हकीकत म्हणूनच वाचला जातो. झांशीचा वेढा, राणी लक्ष्मीबाईंचें दर्शन, शहर पडल्यावरची कत्तल व लूट, इतकें वाचून झालें कीं वाचक पुस्तक मिटतो. परंतु ग्रंथ तेथें संपत नाहीं. काशीहून आणलेल्या गंगेच्या कावडीबरोबर तो कोंकणांतील वरसईस परत येतो, आणि आमच्या मतें ग्रंथाचें मर्म तेथेंच आहे.

भटजी घर सोडून निघाले ते पराक्रम पाहावयास नव्हे. घरावर कर्ज होतें. मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, तेथें दक्षिणा मिळेल, या आशेनें ते चुलत्यांसह उत्तरेकडे गेले. बंडाच्या वणव्यांत मिळालेलें द्रव्य लुटलें गेलें. ज्या कार्यासाठीं निघाले तें फसलें. तरी आईबापांस गंगास्नान घालण्याची इच्छा मात्र त्यांनीं पुरी केली. कर्जदार घरच्या मुलानें द्रव्याऐवजीं पाणी आणावें, यांत जी करुणा आहे ती भटजी कोठेंही बोलून दाखवीत नाहींत. म्हणूनच ती मनाला भिडते.

कावड आपल्या लोकांस नवी नाहीं. सासवडची कावड दरवर्षी चैत्रांत मुंगी घाट चढून शिखर शिंगणापुरास जाते व तिचें पाणी शंभुमहादेवावर पडतें. एकनाथांच्या कथेंत रामेश्वरासाठीं नेलेलें पाणी तहानेल्या गाढवाच्या मुखीं जातें. भटजींची गंगा आईबापांच्या मस्तकीं पडते. तिन्ही ठिकाणीं पाणी वाहून नेण्याचे कष्ट तेच. देव मात्र ज्याचा त्यास वेगळ्या ठिकाणीं भेटतो.

ग्रंथांत दोष नाहींत असें नाहीं. घटनांनंतर सुमारे पाव शतकानें तो लिहिला गेला, आणि बंडाच्या कारणांविषयीं ऐकीव गोष्टीही त्यांत पाहिल्यासारख्या येतात. इतिहासाच्या अभ्यासकानें त्या पारखूनच घ्याव्या. शिवाय १९०७ सालीं चिंतामण विनायक वैद्य यांनीं तो छापला, तेव्हां त्यांनीं भाषेवर बराच हात फिरविला होता. त्यांच्यामुळेंच हें पुस्तक वाचकांस मिळालें, हे उपकार मोठे. पण भटजींचें स्वतःचें बोलणें ज्यांस ऐकावयाचें असेल, त्यांनीं दत्तो वामन पोतदार यांनीं मूळ हस्तलिखितावरून १९६६ सालीं काढलेली आवृत्ति पाहावी. तें हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आलें, ही पुणेकरांस समाधानाची गोष्ट आहे.

राज्यें बुडालीं त्या वर्षांत एका गरीब भिक्षुकास स्वतःचें घर विसरतां आलें नाहीं. यास कोणी दृष्टीचा संकोच म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. इतिहासाचा भार सामान्य माणसांच्या संसारावर कसा पडतो, हें या पुस्तकाइतकें स्पष्ट दाखविणारे ग्रंथ मराठींत थोडेच आहेत. मुलांच्या हातीं तें देतांना झांशीचीं प्रकरणें दाखवावींच. पण वरसईपर्यंतचीं पानेंही त्यांच्याकडून अवश्य वाचवून घ्यावीं.