संगणकाचा अभ्यासक्रम आणि तो शिकवणारा शिक्षक

शाळेत संगणक शिकवायचा म्हणजे नेमके काय शिकवायचे? इंग्लंडने या प्रश्नाचे आपले उत्तर मुळापासून बदलले. सप्टेंबर २०१४ पासून तेथील राष्ट्रीय अभ्यासक्रमात पाच ते सोळा वर्षे वयाच्या मुलांसाठी 'कम्प्युटिंग' हा नवा विषय आला. कोणत्या टप्प्यावर मुलाला काय यायला हवे, हे त्यात अवघ्या काही पानांत मांडले आहे. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मधल्या इयत्तांसाठी 'कोडिंग'चे उपक्रम सुचवले आहेत. तेव्हा इंग्लंडला काय साधले आणि काय नाही, हे शिक्षकांनी नीट पाहावे असे आहे.

आधीच्या विषयाचे नाव 'माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान' असे होते. बऱ्याच शाळांत त्याचा अर्थ मजकूर टाइप करणे, तक्ते भरणे आणि सादरीकरणाची पाने सजवणे एवढाच उरला होता. जानेवारी २०१२ मध्ये रॉयल सोसायटीने एका अहवालात या शिक्षणावर कडक टीका केली. त्याच महिन्यात शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी जुना अभ्यासक्रम मागे घेण्याची घोषणा केली.

नव्या अभ्यासक्रमाचा मोठा गुण म्हणजे त्यातली क्रियापदे. पहिल्या दोन वर्षांत मुलाला अल्गोरिदम म्हणजे काय ते समजावे, अशी अपेक्षा आहे. अल्गोरिदम म्हणजे एखादे काम पायरीपायरीने पार पाडण्याची नेमकी रीत. अकराव्या वर्षापर्यंत मुलाने साध्या अल्गोरिदमचे काम तर्काने समजावून सांगावे, त्यातली चूक शोधावी आणि दुरुस्त करावी. चौदाव्या वर्षापर्यंत एकाच कामाच्या दोन रीतींची तुलना करावी. 'अमुक बटण दाबता येते' ही अपेक्षा मागे पडून 'कारण सांगता येते' ही अपेक्षा आली. सॉफ्टवेअरमधली बटणे दर काही वर्षांनी बदलतात, पण कारण सांगण्याची सवय टिकते.

ही अपेक्षा किती खोल आहे ते एका प्रयोगाने पाहता येईल. वेगवेगळ्या वजनाचे आठ डबे आणि एक तराजू घ्या. डबे वजनाच्या क्रमाने लावायचे आहेत. मात्र तराजूवर एका वेळी दोनच डब्यांची तुलना करायची. सर्वांत हलका डबा शोधून बाजूला ठेवायला ७ तुलना लागतात, उरलेल्यांतला हलका शोधायला ६, आणि असे करत एकूण २८. आता दुसरी रीत. डब्यांच्या चार जोड्या करा आणि प्रत्येक जोडी क्रमाने लावा. मग दोन-दोन जोड्या मिसळून चार-चार डब्यांच्या दोन क्रमवार रांगा करा आणि शेवटी त्या दोन रांगा मिसळा. जास्तीत जास्त १७ तुलनांत काम होते. डबे वाढले की हा फरक झपाट्याने वाढतो. तो का वाढतो हे ज्या मुलाला सांगता आले, त्याने अभ्यासक्रमातले ते वाक्य पुरे केले असे समजावे. असे यंत्राविना शिकवायचे धडे टिम बेल यांनी न्यूझीलंडमध्ये सहकाऱ्यांसह १९९० च्या दशकातच तयार केले होते.

पण या अभ्यासक्रमातली उणीवही याच वाक्यात आहे. 'काही महत्त्वाचे अल्गोरिदम समजणे' असे लिहिले, पण कोणते आणि किती? वर्गवारी आणि शोध ही केवळ उदाहरणे आहेत. मुलाला ते समजले हे कशावरून ठरवायचे? साध्यासंबंधी दस्तऐवजात एकच सर्वसाधारण वाक्य आहे: टप्प्याअखेर मुलाला नेमून दिलेले सर्व समजलेले असावे. मूल्यमापनाच्या जुन्या पातळ्याही त्याच सुमारास रद्द झाल्या. विषयात मुरलेला शिक्षक यातून वाट काढतो. नवख्याच्या हाती मात्र नुसते वाक्य राहते.

आणि नवखेच अधिक होते. काल तक्ते भरायला शिकवणाऱ्यांनी आज दोन प्रोग्रॅमिंग भाषा शिकवायच्या होत्या, त्यांतली एक तरी मजकूर लिहून वापरायची. नोव्हेंबर २०१७ मध्ये रॉयल सोसायटीने पुन्हा पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के शाळांत सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेसाठी संगणकशास्त्र हा विषयच नव्हता. तो घेणाऱ्यांत मुली सुमारे २० टक्के होत्या. २०१२ ते २०१७ या काळात या विषयाच्या शिक्षक-प्रशिक्षणासाठी ठरवलेल्या उद्दिष्टाच्या ६८ टक्केच भरती झाली. त्याच महिन्यात सरकारने ८००० शिक्षकांच्या प्रशिक्षणासह या कामासाठी ८.४ कोटी पौंड जाहीर केले. विषय सक्तीचा झाला त्यानंतर तीन वर्षांनी! हा क्रम उलटा हवा होता.

'सक्ती' हा शब्दही जपूनच वापरायला हवा. सरकारी निधीवर चालणाऱ्या 'अ‍ॅकॅडमी' शाळांना राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळण्याचे तेव्हा बंधन नव्हते आणि निम्म्याहून अधिक माध्यमिक शाळा अशाच होत्या. शिवाय जुन्या विषयाची जीसीएसई परीक्षा २०१८ नंतर बंद झाली. आकडेवारीचे तक्ते किंवा माहितीची मांडणी यांत रस असलेल्या, पण प्रोग्रॅमिंगकडे न वळणाऱ्या मुलांची एक वाट त्यामुळे बुजली. जुन्या विषयातले रटाळ काम गेले हे ठीक, पण त्यासोबत उपयोगी कामही गेले.

अशा गोंधळाची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. ज्याच्या घरी संगणक आणि समजावून सांगणारे कोणी आहे, त्याचे शाळेवाचून फारसे अडत नाही. ज्याला शाळेशिवाय दुसरे ठिकाण नाही त्याचे अडते, आणि सरकारी अभ्यासक्रम मुख्यतः त्याच्यासाठी असतो.

म्हणून संगणकाचा नवा अभ्यासक्रम आपल्या शाळेत येईल तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारावेत. यातले प्रत्येक साध्य मुलाला आले की नाही, हे मला वर्गात ओळखता येईल का? मला ते शिकण्यासाठी वेळ आणि प्रशिक्षण मुलांच्या आधी मिळणार आहे का? प्रयोगशाळेतले संगणक बंद पडले, तर यातला किती भाग शिकवता येईल? उत्तरे समाधानकारक नसतील, तर तसे लेखी कळवावे. आठ डबे आणि तराजू मात्र उद्याच्या तासालाही नेता येतील.