माजघराला कुलूप का लागलं?
परंदवडीत पहिला प्रश्न हाच आला, तेव्हा त्याबद्दलच बोलू. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ मार्च २०१५ मध्ये सुरू झाली, फेब्रुवारी २०१६ मध्ये संपली. लोक बघत होते, मग बंद का? आम्हाला विचाराल तर, दोष रोजच्या रतिबाचा. ‘फ्रेंड्स’चे २३६ भाग व्हायला दहा वर्षं लागली, आपल्या माजघरानं तेवढा पल्ला वर्षाच्या आत गाठला. सासू-सुनेची मालिका एका गैरसमजावर महिना काढते हो! विनोदाला ती सोय नाही. आशूनं रोज नवं काय करायचं? पुढेपुढे प्रसंग कमी आणि पात्रांच्या लकबीच जास्त, असं झालं. साडेदहाच्या त्याच वेळेला मग ‘रात्रीस खेळ चाले’ आली; रहस्य ताणता येतं. २०१७ मध्ये तेच कलाकार ‘दिल दोस्ती दोबारा’त परतले, पण आपण त्यांच्यात जुने कैवल्य-सुजयच शोधत बसलो.