हिशेब वाचणारा आणि हिशेब मागणारा

काशीदसारख्या कोकणी गावात उत्सव आटोपला की गावकीसमोर जमाखर्च वाचतात. कुणीही उठून विचारतं, एवढे पैसे कुठे गेले? सरकारी तिजोरीपुरतं हे वाचन नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग करतात. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी या पदाची कर्तव्यं न्यायसंस्थेच्या कर्तव्यांहूनही महत्त्वाची ठरवली होती.

मग आमची तक्रार काय? तपासणी बहुधा खर्च झाल्यावरच होते. कुलाब्याच्या ‘आदर्श’ सोसायटीवरचा अहवाल २०११ मध्ये आला, तेव्हा इमारत केव्हाच उभी होती. म्हणून अहवाल निदान वेळेत तरी यायला हवा. पण कलम १५१ पाहा: राज्याचा अहवाल राज्यपालांकडे जातो, ते तो विधिमंडळापुढे ठेववतात. किती दिवसांत, हे कलम सांगत नाही. अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी आलेल्या अहवालावर चर्चा कधी व्हायची?

कॅग दोष दाखवतात. शिक्षा देणं त्यांच्या हाती नाही. पुढचं काम लोकलेखा समितीचं, आणि तिला जाब विचारणाऱ्या आपलं. गावकीत वाचणारा एकच असतो हो, पण ऐकायला सगळा गाव बसतो. राज्याचा हिशेब ऐकायला आपण बसतो का?